एका पानाचा बायोडाटा : प्रकल्प नोंदी (जुलै–सप्टेंबर 2024)

8 जुलै 2024

काम: लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबसाठी बायोडाटा तयार करणे. पद ट्रेनी केमिस्ट. भाषा इंग्रजी, लांबी एक पान. शिक्षण बी.एस्सी. केमिस्ट्री, मुंबई विद्यापीठ. अनुभव निरंक.

टी.वाय.च्या प्रोजेक्टची वही अर्धी कोरी उरली आहे, म्हणून याही कामाची नोंद तीतच ठेवते. तारीख टाकून काय केलं ते लिहायचं, एवढाच नियम.

आज फक्त कागद गोळा केले. पहिल्या पाच सेमिस्टरची ग्रेड कार्डं आहेत, सहाव्याचा निकाल ऑनलाइन आहे, कार्ड यायचंय. बारावीचं मार्कशीट ठीक. दहावीचं मात्र 22 जुलै 2021च्या पुरात दोन दिवस पाण्याखाली होतं. लॅमिनेशन केलं होतं म्हणून वाचेल असं वाटलेलं, पण पाणी कडेने आत शिरलं आणि आतच राहिलं. आता त्यावर शाळेचं नाव आहे, गुण नाहीत. डिजिलॉकरवर वर्ष आणि बैठक क्रमांक टाकल्यावर दोन्ही मार्कशीटं उतरली. रुजू होताना कुणी मूळ प्रत मागितली तर शाळेमार्फत रत्नागिरीला, कोकण विभागीय मंडळाकडे दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करावा लागेल. तो आत्ताच करून ठेवायचा. चिपळुणात निम्म्या घरांची हीच कथा आहे, त्यामुळे शाळेतल्या क्लार्कना काही समजावून सांगावं लागत नाही.

नावाचा एक गुंता निघाला. बोर्डाच्या कागदांवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. बायोडाटावर आधारप्रमाणे लिहायचं ठरवलं. नोकरी लागली की पीएफचं खातं आधारशी जुळवतात, तेव्हा एका अक्षराचा फरकही अडून बसतो म्हणे.

10 जुलै

बहादूरशेख नाक्यावरच्या एका झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याच्या कॉम्प्युटरवर ‘बायोडाटा’ नावाचा फोल्डर आहे. अर्ध्या फाइली नोकरीच्या, अर्ध्या लग्नाच्या. नोकरीच्या नमुन्यालाही वर निळी वेलबुट्टी आहे आणि जात, धर्म, वैवाहिक स्थिती, जन्मवेळ असे रकाने आहेत. जन्मवेळ मी तिथेच काढायला लावली. तो म्हणाला, “राहू दे की ताई, कुठं तरी लागतेच.”

बाकीचा मजकूर तयारच असतो, आपण फक्त नाव आणि टक्के सांगायचे. सुरुवातीला उद्दिष्ट: आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीस हातभार लावणे. मग गुणविशेष: कष्टाळू, डायनॅमिक, पॉझिटिव्ह, टीम प्लेयर, रिस्पॉन्सिबल. यातल्या शेवटच्या शब्दातला एस गळला आहे. आमच्या वर्गातल्या आणखी दोघींचे बायोडाटा मोबाईलवर होते, ते उघडून पाहिले. दोन्हींत एस गळलेलाच.

ही प्रत म्हणजे आवृत्ती 1.

13 जुलै

आवृत्ती 1 काकांना दाखवली. काका लोटेतल्या एका कंपनीत क्यूसीत होते, शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. त्यांनी लाल पेन घेतलं आणि लॅबच्या वहीत खोडतात तसं खोडायला सुरुवात केली. ओळीवर एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला आद्याक्षरं आणि तारीख. क्यूसीच्या वहीत व्हाइटनर लावायचा नाही, आकडा गिरवायचा नाही, पान फाडायचं नाही. ऑडिटरला आधी काय लिहिलं होतं तेही दिसलं पाहिजे. निवृत्त झाले तरी काका वाण्याची यादीसुद्धा अशीच दुरुस्त करतात. काकू वैतागते.

“डायनॅमिक म्हणजे काय गं?”

“म्हणजे... उत्साही.”

“मग?”

“मग काय, काका?”

“मग त्या उत्साहात तू केलंस काय?”

उत्तर नव्हतं. रेघ, आद्याक्षरं, तारीख. कष्टाळू, रेघ. टीम प्लेयर, रेघ. उद्दिष्ट त्यांनी मोठ्याने वाचलं आणि विचारलं, “हे कुठल्या कंपनीला चालणार नाही?” सगळ्यांना चालेल म्हटल्यावर तेही गेलं.

मी जरा हिरमुसले असणार, कारण मग त्यांनी समजावलं. “अगं, तुझ्या समोर बसेल त्या माणसाला प्लांटमधून दोनदा फोन आलेला असतो. तो प्रश्न घरून काढून आणत नाही. तुझा कागद उचलतो आणि त्यातूनच विचारतो. म्हणजे प्रश्नपत्रिका तूच काढायची आहेस. तुला येतात ते प्रश्न घाल ना त्यात!”

परीक्षेचा पेपर आपणच सेट करायचा, ही सवलत कॉलेजात तीन वर्षं मिळाली असती तर!

नियम ठरला: ज्या ओळीवर दोनदा ‘मग?’ विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे, तीच ओळ राहणार.

पानावर उरलं काय, तर नाव, पत्ता, मार्कांचा तक्ता आणि प्रोजेक्टची एक ओळ.

14 जुलै

मार्कांचा तक्ता. माझ्या बॅचचा तक्ता कुणालाही चमत्कारिकच वाटेल. आम्ही दहावी 2019ला. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडीचे वीस गुण काढून टाकले होते आणि राज्याचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला होता. बारावी 2021ला. कोरोनामुळे बोर्डाची परीक्षाच झाली नाही. दहावी, अकरावी आणि बारावीचे गुण 30:30:40 या प्रमाणात धरून निकाल लावला आणि राज्यातले 99.63 टक्के पास झाले. एका निकालाने आम्हाला खाली खेचलं आणि दुसऱ्याने वर फेकलं, मधली मी तीच. त्यात एफ.वाय.ची काही प्रॅक्टिकल्स मोबाईलच्या पडद्यावर झाली.

हे सगळं बायोडाटात लिहायची गरज नाही, पण विचारलं तर दोन वाक्यांत सांगता यायला हवं. रडगाणं न लावता. काकांपुढे म्हणून पाहिलं. त्यांनी एक वाक्य कमी करायला सांगितलं.

तक्ता उलटा केला: पदवी वर, दहावी खाली. सीजीपीआय (सगळ्या सेमिस्टरची मिळून ग्रेडची सरासरी) ग्रेड कार्डावर आहे तसाच लिहिला. त्याचे टक्के स्वतः काढून लिहायचे नाहीत. कंपनीने मागितलेच तर विद्यापीठाच्या सूत्राने काढायचे आणि तसं सांगायचं. टक्के एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरे दिसले, तर पहिली शंका खोटेपणाची येते.

20 जुलै

आठवडाभर एकाच ओळीवर काम चाललंय. बायोडाटा इंग्रजीत आहे, ओळी इथे मराठीत उतरवते.

मूळ ओळ: “वाशिष्ठी नदीच्या पाण्यावर प्रोजेक्ट केला.”

काका: मग?

दुसरा खर्डा: “वाशिष्ठी नदीच्या पाण्याचे तीन ठिकाणी पृथक्करण करून विविध घटक तपासले.”

काका: “विविध म्हणजे कोणते? आणि कशाने?”

तिसरा खर्डा: “पीएच, विरघळलेला ऑक्सिजन (विंकलर), एकूण कठीणपणा (ईडीटीए), क्लोराईड (मोहर), निकालांची आयएस 10500:2012 शी तुलना.”

हा मला फार आवडला होता. काकांनी चष्मा वर केला. “आयएस 10500 कशाचं स्टँडर्ड आहे?” पिण्याच्या पाण्याचं. “मग नदीला का लावलंस?” सगळे ग्रुप लावतात, हे उत्तर मी गिळलं. नदीचं पाणी शुद्ध करून पुढे नळाला जातं म्हणून, असं म्हटलं. “मग ते कच्चं पाणी झालं. कच्च्या पाण्याला तयार मालाची स्पेसिफिकेशन लावतात का?” लॅबमधला माणूस याच जागी बोट ठेवणार. तुलना काढली.

मग त्यांनी मला न सुचलेला प्रश्न विचारला. “ग्रुपमध्ये कितीजणी होतात?” चौघी. “यातलं तुझ्या हातचं काय?”

ऑक्सिजन आणि क्लोराईड माझं. पीएच आणि कठीणपणा बाकीच्यांचा. ईडीटीए मी वर्गात केलं आहे, वाइन रेडचा निळा होतानाचा तो क्षण डोळ्यांपुढे आहे, पण प्रोजेक्टमधली रीडिंगं माझी नाहीत. मग ओळ तशीच लिहायची: चौघींचा प्रोजेक्ट, त्यात माझा भाग हा.

आणि माझा भाग म्हटल्यावर मी जी सुटले! ऑक्सिजनचा नमुना बाटलीत बुडबुडा न ठेवता भरायचा आणि नदीवरच मँगनस सल्फेट नि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड घालून फिक्स करायचा, कॉलेजपर्यंत तसाच नेला तर आकडा बदलतो. तपकिरी साका बसतो. मग अॅसिड, थायोसल्फेट, स्टार्च शेवटी-शेवटी. उन्हाळ्यातही वाशिष्ठीला वाहतं पाणी असतं, कारण पोफळीच्या वीजघरातून कोयनेचं अवजल (वीज करून सोडलेलं पाणी) खाली येतं. त्यामुळे मे महिन्यात इतर नद्यांच्या डबक्यांत दिसतं ते चित्र इथे दिसत नाही. आणि क्लोराईड गोवळकोटला एकदम चढतं, कारण तिथपर्यंत खाडी आहे.

“नमुना भरतीला घेतलास की ओहोटीला?”

भरतीला. वहीत वेळ लिहिलेली होती, म्हणून सांगता आलं.

“हे घाल,” काका म्हणाले. “नमुन्याची वेळ लिहितेस, हे घाल.”

चौथा खर्डा: “वाशिष्ठी नदी, तीन नमुना-ठिकाणे (चौघींचा गट). माझा भाग: जागेवर नमुना फिक्स करून विंकलर पद्धतीने विरघळलेला ऑक्सिजन; मोहर पद्धतीने क्लोराईड, भरतीच्या वेळेच्या नोंदीसह.”

दोन ओळी झाल्या. डायनॅमिकने अडवलेल्या जागेत बसल्या.

27 जुलै

आता ‘कौशल्ये’. जाहिरातींत सगळीकडे एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशिन) मागतात. ‘हँड्स ऑन’ असं म्हणतात. आम्हाला एचपीएलसी एका दुसऱ्या कॉलेजात नेऊन दाखवलं होतं. वीसजणांच्या मागे उभं राहून मी पंपाचा आवाज ऐकला आणि स्क्रीनवर उगवलेला एक पीक पाहिला. वर्गातल्या एकीने बायोडाटात सरळ ‘एचपीएलसी, जीसी, यूव्ही, केएफ’ अशी चारही मशिनांची नावं लिहून टाकलीयत. तिचं म्हणणं, एकदा आत गेलो की शिकवतातच.

काकांना विचारलं. ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. “लिहू दे तिला. मी असतो तर विचारलं असतं, मोबाइल फेज डीगॅस का करतात? हे चोपडं वाचूनही सांगता येतं. मग विचारलं असतं, प्रेशर वर-खाली व्हायला लागलं तर पहिल्यांदा काय बघशील? ते मशिनजवळ उभं राहिलेल्यालाच येतं.”

रकाने दोन केले. ‘स्वतः केलेले’: आम्ल-अल्क, आयोडोमेट्री, ईडीटीए आणि आर्जेंटोमेट्री टायट्रेशन, द्रावणं तयार करणं व प्रमाणित करणं, पीएच मीटर बफर 4, 7 आणि 9.2 वर कॅलिब्रेट करणं, कलरीमीटर, टीएलसी, मेल्टिंग पॉइंट, चार दशांश स्थळांचा तराजू. ‘प्रात्यक्षिक पाहिलेले’: एचपीएलसी.

दुसरा रकाना केविलवाणा दिसतो, एकच नोंद. पण तो आहे म्हणून पहिल्या रकान्यावर विश्वास बसतो. हे माझं मत, काका त्यावर काही बोलले नाहीत.

एम.एस.-सी.आय.टी. खाली एका ओळीत. एक्सेलपुढे ‘टायट्रेशनची गणिते, सरासरी, आलेख’ असं जोडलं, कारण नुसतं एक्सेल म्हटलं की पुढे ‘मग?’ येतोच.

3 ऑगस्ट

आत्याकडे गुहागरला. ती मे महिन्यात कोकम सिरप आणि आगळ करते, घरगुतीच, पण अन्न परवाना घेऊन, लेबल लावून. बारावीपासून दर सुट्टीत मी तिच्याकडे असते. तिने विचारलं, नोकरीचं काय झालं? मी म्हटलं, बायोडाटा चाललाय, अनुभव काही नाही म्हणून पान रिकामं दिसतंय.

“आणि मे महिनाभर माझ्याकडे काय करत्येस मग? झोपा काढत्येस?”

आत्यालाही ‘मग’ची लागण झालेली दिसते.

तिथे मी काय करते ते तिच्या ओटीवर बसून लिहून काढलं. प्रत्येक बॅचचा ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं प्रमाण) हाताच्या रिफ्रॅक्टोमीटरवर बघायचा, 65च्या खाली असेल तर भरायचा नाही. गरम सिरप तसंच लावलं तर रीडिंग चुकतं, म्हणून थेंब गार होऊ द्यायचा. आधी पाण्याने शून्य लावायचं. आत्या नळाचं पाणी वापरायची, मी गेल्या वर्षीपासून तिला डिस्टिल्ड वॉटर आणून दिलंय, बॅटरीचं काम करणाऱ्याकडे मिळतं. बॅचची वही: तारीख, कोकम किती, साखर किती, ब्रिक्स, बाटल्या. लेबलवर बॅच नंबर आणि तारीख. मागच्या वर्षी एका दुकानातून फसफसलेल्या बाटल्या परत आल्या, तेव्हा वहीतून ती बॅच शोधून बाकीच्या बाटल्याही परत मागवल्या.

परत येताना गाडीत बसल्या बसल्या काकांना फोन केला. दोन क्षण ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, “अगं, हे क्यूसीच आहे. बॅच रेकॉर्ड आहे, ट्रेसेबिलिटी आहे, मार्केट कम्प्लेंट आहे. आमच्याकडे यालाच फायली असतात. आणि तू अनुभव निरंक लिहून बसलीस?”

पगार नव्हता, म्हणून कामाचा अनुभव म्हणून धरलं नव्हतं. आता ‘अनुभव’ हा मथळाच काढून ‘काम आणि प्रोजेक्ट’ केला आणि त्याखाली लिहिलं: “घरगुती फळप्रक्रिया युनिट, गुहागर, दर वर्षी मे महिना: रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स तपासणी, बॅच नोंदवही, तक्रारीवरून बॅच शोधणे.” घरगुती हा शब्द मुद्दाम ठेवला. काढला तर ओळ वजनदार दिसते, पण पहिल्याच प्रश्नात उघडी पडते.

10 ऑगस्ट

काढाकाढी. वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, सगळं गेलं. आईला वैवाहिक स्थिती काढलेली खटकली. “लिहिलं तर बिघडतं काय? अविवाहितच आहेस.” बिघडत नाही, पण टायट्रेशनशी त्याचा संबंधही नाही. विचारलं तर सांगेन.

आधार क्रमांक काढला. पूर्ण बारा आकडे छापलेला कागद दहा ठिकाणी फिरायला नको. कुठे ओळखपत्र जोडायचंच झालं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार.

फोटो काढला. मागितला तर वेगळा पाठवायचा.

फोन नंबर बाबांचा होता, तो बदलून माझा. बाबा दुकानात असतात, कुणाचाही फोन घेऊन “ती घरी नाहीये” म्हणून ठेवून देतात. ईमेलही नवा उघडला. जुना दहावीत उघडलेला, त्यात फुलपाखरू आहे.

छंद: वाचन, संगीत. ‘मग?’ लावून पाहिलं, संगीत गेलं. वाचन ठेवावं असं वाटत होतं, लोटिस्मात (चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर) दर आठवड्याला पुस्तक बदलते. पण जागा नव्हती.

पत्त्यात वाडी, पोस्ट, तालुका सगळं न देता ‘चिपळूण’ आणि पुढे ‘शिफ्टसाठी लोटेला रोज ये-जा शक्य’. ही काकांची सूचना. बाहेरून येणाऱ्याला राहायची सोय बघावी लागते आणि पुष्कळजण चार महिन्यांत सोडून जातात. घाट चढला की कंपनी आहे, हे एचआरला कळू दे.

शेवटचं ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्रही काढलं. ते असल्याने कुणाचं खोटं आजवर थांबलेलं नाही.

16 ऑगस्ट

टाइपिंग स्वतः केलं. साधा फॉन्ट, अकरा पॉइंट, एकच स्तंभ. मोबाईल अॅपमधला दोन स्तंभांचा रंगीत नमुना देखणा होता, पण त्याच्या पीडीएफमधून मजकूर उचलून नोटपॅडमध्ये चिकटवला तर डावी-उजवी बाजू एकमेकांत मिसळली आणि ‘विंकलर’ थेट दहावीच्या टक्क्यांना जाऊन भिडला. जॉब पोर्टलवरचं सॉफ्टवेअरही मजकूर असाच उचलतं. एका अॅपने तर पूर्ण पानाचं चित्रच केलं होतं, त्यातून एक अक्षरही निवडता येईना.

फाइलचं नाव: नाव, आडनाव, बीएस्सी केमिस्ट्री. ‘फायनल न्यू 2’ नाही.

18 ऑगस्ट

पाठवले. काही मेलवर, काही काकांच्या ओळखीने व्हॉट्सअॅपवर. मेलच्या विषयात पद, शिक्षण, गाव. आत चार ओळी, त्यातली एक त्या कंपनीपुरती. सांडपाणी प्रक्रियेच्या लॅबला नदीचं काम वर, फूड इन्ग्रेडिएंट करणाऱ्या कंपनीला कोकम वर. बाकी पान तेच.

एका एजन्सीचा लगेच फोन आला: नोकरी पक्की, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा. काकांनी फोन हातातून घेतला आणि कंपनीचं नाव विचारलं. पलीकडून फोन बंद. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नसतो, एवढं एक सगळ्या मैत्रिणींना कळवलं.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही नोंदणी करून ठेवली. पदवीधराला महिना 10,000 रुपये, सहा महिने. पंचायत समितीत टेबलावर बसवलं तर मला उपयोग कमी, लॅब मिळाली तर उत्तम. कंपनीत अप्रेंटिस म्हणून घेतलं तर पदवीधराला नियमाप्रमाणे किमान 9,000. फरक हजाराचा, पण बायोडाटातल्या पुढच्या ओळीचा विचार केला तर मी अप्रेंटिसच घेईन.

संदर्भ म्हणून कॉलेजातल्या मॅडमचा नंबर देण्याआधी त्यांना विचारलं. हो म्हणाल्या, आणि प्रोजेक्टची वही टाकू नकोस म्हणाल्या.

29 ऑगस्ट

शांतता. गणपती तोंडावर आलेत, आता पंधरा दिवस कोकणात कुणी कुणाला बोलावणार नाही.

9 सप्टेंबर

पुण्याचा दादा गणपतीला आलाय. तो एका कंपनीत भरतीचं काम बघतो. आरती झाल्यावर त्याला पान दिलं. त्याने मोबाईलवरच बघितलं, अंगठ्याने एकदा वर, एकदा खाली, आणि परत दिलं. मी दुखावले.

“एवढ्यात वाचून झालं?”

“एवढंच वाचतात गं. दोनशे येतात. चांगलं आहे, पण पहिल्या फटक्यात केमिस्ट आहे, एवढंच कळतं. काय करता येतं ते अर्ध्या पानाखाली.”

काका समोरच मोदक खात होते. त्यांचं म्हणणं, लॅबचा माणूस पूर्ण वाचतो. दादाचं म्हणणं, लॅबच्या माणसापर्यंत पोचायला आधी माझ्यासारख्याच्या हातून सुटावं लागतं, आणि मला विंकलर कोण ते माहीत नाही, मी जाहिरातीतले शब्द शोधतो. बराच वेळ वाद झाला. काकूने दोघांनाही आणखी एकेक मोदक वाढला तेव्हा थांबला.

दोघंही बरोबर आहेत, फक्त ते कागदाच्या वेगवेगळ्या वाचकांबद्दल बोलतायत. ‘स्वतः केलेले’ हा रकाना उचलून नावाखाली आणला. दादाला शब्द वरच सापडतील, काकांना त्या शब्दांचा पुरावा खाली मिळेल. ‘टायट्रेशन’च्या जोडीला जाहिरातीत येतो तो ‘वेट अॅनालिसिस’ (वेट म्हणजे ओलं, द्रावणांतलं पृथक्करण) हा शब्द घातला. गोष्ट तीच, पण आम्ही कॉलेजात व्हॉल्युमेट्रिक म्हणायचो. ‘प्रात्यक्षिक पाहिलेले’ दादा काढ म्हणाला. ठेवलं.

20 सप्टेंबर

नवी प्रत पाठवली होती त्यांतल्या एका कंपनीने बोलावलं. लॅबशेजारच्या खोलीत दोघे होते, एक एचआरच्या मॅडम, एक क्यूसीचे सर. मॅडमनी दहावी-बारावीतला फरक विचारला, दोन वाक्यं सांगितली, त्यांनी मान हलवली. शिफ्टचं विचारलं. नंतर सरांनी कागद ओढून घेतला.

सोडियम हायड्रॉक्साइड प्रमाणित का करावं लागतं? हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, वजनावरून खात्री देता येत नाही. कशाने करतेस? पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट. मोहरमध्ये पीएच का बघायचा? आम्ल असेल तर क्रोमेटचं डायक्रोमेट होतं आणि एंड पॉइंट हातचा जातो, फार अल्कली असेल तर चांदी हायड्रॉक्साइड होऊन बसते. ब्युरेटचा लीस्ट काउंट? 0.1. मग 12.35 असं कसं लिहितेस? दोन रेघांमधलं अंदाजाने, अर्ध्यापर्यंत. ते पहिल्यांदा हसले.

कोकमवर ते बराच वेळ रेंगाळले. परत आलेल्या बाटल्या कशा शोधल्या, वहीत नेमकं काय लिहिलेलं होतं, त्या बॅचचा ब्रिक्स किती होता. तो 65च्या वर होता. मग फसफसली का? बाटल्या नीट वाळल्या नव्हत्या असा आमचा अंदाज, पण तपासून पाहिलेलं नाही, असं सांगितलं. “अंदाज लिहून ठेवला होतात?” नाही. “लिहायला हवा होता.” हो.

एचपीएलसीवर एकच प्रश्न: “पाहिलेले म्हणजे किती लांबून?” सांगितलं. पुढे विचारलं नाही.

केएफबद्दल (कार्ल फिशर) विचारलं, ते माझ्या कागदावर नाही. ओलावा मोजतात एवढं माहीत होतं, तेवढंच सांगितलं. शेवटी लॅबमध्ये नेऊन एक टायट्रेशन करायला लावलं, तीन रीडिंगं. तिसरं लिहिताना एक आकडा चुकला, मी एक रेघ मारली, बाजूला सही केली, तारीख घातली. सर बघत होते, बोलले काही नाहीत.

आठवड्याभरात कळवतो म्हणाले.

23 सप्टेंबर

अजून कळवलेलं नाही. काकांकडून केएफचं जुनं मॅन्युअल आणलं, वाचतेय. आत्याला फोन करून पुढच्या मेपासून बॅचच्या वहीत ‘शेरा’ असा एक रकाना वाढवायला सांगितलं. ती म्हणाली, “तूच ये आणि वाढव.”

सांडपाण्याच्या लॅबची नवी जाहिरात आली आहे, सीओडी (पाण्यातली घाण मोजायची एक चाचणी) मागतात. कॉलेजात एकदा केलं होतं, डायक्रोमेटबरोबर दोन तास रिफ्लक्स आणि फेरॉइन. रीडिंगं वहीत सापडली, माझ्याच अक्षरातली. ‘स्वतः केलेले’मध्ये टाकून आज संध्याकाळी पाठवते.